आयएसआय छापलेलं खोटं हेल्मेट : ऑनलाइन घेण्याआधी हे वाचा

हे लिहायला लाज वाटते. अशी लाज वाटते म्हणूनच लोक गप्प बसतात, आणि तेच या चोरांच्या पथ्यावर पडतं. म्हणून आकड्यांसकट लिहितोय. माझे गेले १,३९८ रुपये. हेल्मेटचे १,३४९, डिलिव्हरीचे ४० आणि ‘पॅकिंग’चे ९. एवढ्याशा रकमेसाठी काय रडायचं असं ज्यांना वाटतं, त्यांना एकच सांगतो. ते हेल्मेट माझ्या मुलीचं होतं आणि ते घालून ती अकरा दिवस कॉलेजला जात होती.

आम्ही साताऱ्याचे. लेक यंदा कॉलेजला लागली. घरापासून कॉलेज अकरा किलोमीटर, त्यातले सात हायवेच्या सर्व्हिस रोडने. हंगामात त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर कसे चालतात, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. स्कूटर घेताना शोरूमने एक हेल्मेट दिलं होतं, पण ते तिला सैल व्हायचं. पट्टा आवळला तरी डोक्यावर फिरायचं. म्हणून नवीन घ्यायचं ठरलं.

आधी आम्ही गावातल्या दुकानातच गेलो होतो. हे सांगितलंच पाहिजे, कारण खरी बोच तिथेच आहे. दुकानदार वयस्कर. त्यांनी टेप काढली, भुवयांच्या वरून आणि मागच्या फुगीर भागावरून डोक्याचं माप घेतलं. छप्पन्न सेंटिमीटर. मग एक हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवून पाच मिनिटं काढूच दिलं नाही. “कपाळावर एका जागी टोचतंय का?” विचारलं. दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं आणि म्हणाले, “गाल हेल्मेटबरोबर हलले पाहिजेत. गाल जागेवर आणि हेल्मेट फिरलं, तर एक नंबर लहान घ्यायचं.” मग पट्टा लावून मागून वर ओढून बघितलं, डोक्यावरून निघतंय का ते. सगळं अगदी मन लावून केलं. किंमत २,१००, माझ्यासाठी १,९५०.

मी “विचार करून येतो” म्हणालो आणि मोबाइलमध्ये मॉडेलचा फोटो काढला. त्यांनी ते पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “काढा की फोटो. ऑनलाइन घेतलंत तर मागचा नंबर तेवढा बघून घ्या, साहेब.” मला वाटलं, गिऱ्हाईक चाललंय म्हणून घाबरवतायत.

माझी बाजूही ऐका. त्याच महिन्यात कॉलेजची ४८,५०० रुपये फी भरली होती. स्कूटरचा हप्ता ३,२६० रुपये सुरू झाला होता. गेली सात वर्षं मी ऑनलाइन खरेदी करतोय. मिक्सर घेतला, दोन फोन घेतले, पुस्तकं, चपला, सगळं घेतलं आणि कधी फसलो नाही. ओटीपी कुणाला देत नाही, अनोळखी लिंक उघडत नाही. आणि हे काही व्हॉट्सॲपवर आलेलं दुकान नव्हतं. सगळ्यांच्या फोनमध्ये असतं तसंच मोठं ॲप होतं. तिथे हुबेहूब तेच मॉडेल दिसलं. २,८९९ वर काट मारलेली, खाली १,३४९, त्रेपन्न टक्के सूट. डिलिव्हरी-पॅकिंग धरूनही दुकानापेक्षा ५५२ रुपये वाचणार होते. घेतलं.

फोटो कंपनीचा होता, नाव कंपनीचं होतं. त्याखाली बारीक अक्षरात ‘विक्रेता’ म्हणून भलत्याच कुठल्या एंटरप्रायझेसचं नाव होतं, ते मी वाचलंच नाही. तुम्ही वाचा. ॲप मोठं असलं म्हणून विकणारा मोठा नसतो. साडेचार हजार रेटिंग होती, ४.३ तारे. फसल्यावर खाली जाऊन जुने अभिप्राय वाचले, तर त्यातले बरेचसे मोबाइल स्टँडचे निघाले. जुन्या वस्तूचं पान तेच ठेवून आतला माल बदलला होता. ही युक्ती मला माहीत होती. तरी बघितलं नाही, कारण तारे दिसले की पुढचं वाचायचं सुटतं.

पार्सल आलं ती संध्याकाळ मी किती वेळा आठवली असेल, सांगता येत नाही. लेकीने बॉक्स उघडला. आत हेल्मेट नुसत्या पातळ पिशवीत होतं. बॉक्सवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. तिने डोक्यावर घातलं आणि म्हणाली, “बाबा, किती हलकंय ना! दुकानातलं जड होतं.” आणि मी काय म्हणालो? “बरंय, मान दुखणार नाही.” तेव्हाच थांबायला हवं होतं. मॉडेल एक, माप एक, मग वजन निम्म्यावर कसं येईल? ही साधी गोष्ट दोन मिनिटं डोक्यात घोळवली असती तर कळली असती. नंतर घरच्या वजनकाट्यावर ठेवलं, ६४० ग्रॅम भरलं. दुकानातलं १,१८० आहे.

तेवढ्यावर थांबत नाही. मी पट्टा लावून ओढला तर तो बकलमधून बोटभर सरकला. हाताला स्पष्ट जाणवलं. मी मनाशी म्हटलं, नवीन आहे, बसेल. पट्टा चपलेसारखा ‘बसत’ नसतो. जोरात ओढल्यावर पट्टा सरकत असेल तर पडताना हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर जाणार. मला हे कळत होतं. पण परत पाठवायचं म्हणजे पुन्हा पॅकिंग, पुन्हा त्या कुरिअरच्या मुलाची वाट बघायची. हा आळस केला. मागे आयएसआयचा शिक्का होता, वर आयएस ४१५१ (हेल्मेटच्या मानकाचा नंबर) लिहिलेलं, खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर, आणि त्याचे आकडे. आकडे आहेत एवढं पाहून समाधान मानलं. दुकानदाराने नंबर ‘बघून घ्या’ म्हणजे तपासून घ्या म्हटलं होतं. मी नुसतं पाहिलं.

बाराव्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये हेल्मेट स्कूटरच्या सीटवरून खाली पडलं. सीटची उंची ती किती! व्हायझरच्या स्क्रूपासून थेट मागेपर्यंत तडा गेला. नशीब, आत डोकं नव्हतं. मी अस्तर ओढून काढलं. हेल्मेटमध्ये खरं काम करतो तो आतला घट्ट थर्माकोल. आपटल्यावर तो दबतो आणि धक्का स्वतः पितो. म्हणून एकदा अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. तो थर्माकोल कपाळापासून कानाच्या वर, मागेपर्यंत सगळीकडे हवा. याच्यात फक्त टाळूवर टीव्हीच्या खोक्यात येतो तसला ठिसूळ तुकडा होता, बोटाने दाणे निघत होते. बाजूंना नुसता स्पंज. माझे हात थरथरत होते. बायकोला दोन दिवस काही बोललो नाही.

मग आयएसआय शिक्क्याचा परवाना देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेचं ‘बीआयएस केअर’ ॲप फोनमध्ये घेतलं आणि सीएम/एलचा नंबर टाकला. परवाना निघाला. प्लायवूड बनवणाऱ्या कारखान्याचा, दुसऱ्या राज्यातला. अकरा दिवस माझ्या पोरीच्या डोक्यावर प्लायवूडचा परवाना होता. हे ॲप फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. परवाना कुणाच्या नावावर आहे, कुठल्या वस्तूचा आहे, चालू आहे का, सगळं दिसतं. दुकानात उभे असाल तर पैसे देण्याआधी टाका. ऑनलाइन घेतलं असेल तर माल आला त्याच तासाला टाका, कारण परत करायची मुदत मोजक्याच दिवसांची असते (माझ्या वेळी सात) आणि चोराला ती तुमच्यापेक्षा चांगली पाठ असते.

आता तक्रारीचं ऐका. ॲपच्या चॅटवर आधी यंत्र बोललं, मग माणूस. “सर, रिटर्न विंडो बंद झाली आहे.” मी म्हटलं, मला परत करायचं नाहीये, तुम्ही बनावट माल विकताय ते सांगतोय. “असुविधेबद्दल क्षमस्व.” फोटो पाठवले. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘वापरामुळे नुकसान’. मग १५० रुपयांचं कूपन देऊ केलं. कूपन! मी घेतलं नाही. तुम्हीही घेऊ नका, घेतलं की तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद करतात. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निर्णय द्यायचा असतो. पोच आठव्या दिवशी आली. एकतिसाव्या दिवशी एका ओळीचा मेल आला, ‘क्लोज्ड’. विक्रेत्याचा पत्ता लेखी मागितला, तो देणं नियमाने बंधनकारक आहे. दिला तो अर्धवट. स्पीड पोस्टने नोटीस पाठवली, ‘पत्ता अपुरा’ शेरा मारून परत आली.

चौकीत गेलो. पहिला प्रश्न, “किती रुपये?” १,३९८ म्हटल्यावर त्या माणसाने पेन खाली ठेवलं. “अहो, इथे लाखालाखाच्या केस पडल्यात. हे ग्राहक मंचाचं काम, तिकडं जा.” मी म्हटलं, साहेब, शिक्का खोटा आहे, माणूस मरेल. “मेलं का कुणी?” असं विचारलं मला. शब्द तेच आहेत, मी वाढवून सांगत नाही. एका सरकारी कार्यालयात अर्धी रजा टाकून गेलो. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा गेलो तर अर्ज आवक-जावकला द्या. तिसऱ्यांदा कळलं की मी फोडून पाहिलेला नमुना चालत नाही, आणि सीलबंद हवा असेल तर मी आणखी एक विकत घ्यायचा! म्हणजे चोराला पुन्हा १,३९८ द्यायचे, स्वतःच्या खिशातून. झेरॉक्स ६४ रुपये, स्पीड पोस्ट दोन वेळचं ९४, पेट्रोल वेगळं, दीड दिवसाची रजा गेली.

संताप कशाचा येतो सांगतो. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. डोक्यावर हेल्मेट नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-डी आहे, हजार रुपये दंड, वर तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद. चौकात थांबवून माझ्या मुलीला पावती फाडायला माणूस आहे. तिच्या डोक्यावरचं खोटं आहे हे मी पुरावा हातात घेऊन सांगतोय, तर ऐकायला कुणी नाही. आणि सगळे रुपयेच मोजतात. चौकीत, कार्यालयात, चॅटवर, आमच्या भावकीतसुद्धा. “जाऊ दे ना, हजार-बाराशेचा प्रश्न.” चोराने किंमत हजाराच्या आसपास ठेवली ती याच हिशेबाने. तेवढ्यासाठी कोणी चौकीची पायरी चढत नाही.

म्हणजे ऑनलाइन हेल्मेट घेऊच नये असं मी म्हणत नाही. माझ्या सहकाऱ्याने कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलं, अस्सल आलं, नंबरही जुळला. आणि दुकानात सगळे साधू बसलेत असंही नाही. हायवेला दोरीवर टांगलेली ३०० रुपयांची टोपीसारखी हेल्मेटं आपण सगळेच बघतो, त्यांच्यावरही आयएसआय छापलेलं असतं. फरक एवढाच, की दुकानात पैसे देण्याआधी अस्तर उचलून थर्माकोलवर अंगठा दाबता येतो, पट्टा ओढता येतो, नंबर तपासता येतो आणि उद्या भांडायला माणूस समोर असतो. पक्कं बिल मागा. साध्या चिठ्ठीवर लिहून देत असेल तर बाहेर पडा.

शेवटी त्याच दुकानात गेलो. त्यांनी ओळखलं. मी सगळं सांगितलं, फुटलेलं दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन आत बोट घातलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लेकीला म्हणाले, “ये बाळा, माप परत घेऊ.” १,९५० रुपये दिले, एक रुपया कमी करा म्हणायची हिंमत झाली नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. फक्त कागद हवेत. ते पान आता ॲपवर नाही, माझ्याकडे स्क्रीनशॉट होता म्हणून निभावलं. ऑर्डर करतानाच पानाचा, विक्रेत्याच्या नावाचा, किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बॉक्स उघडताना व्हिडिओ करा. फुटलेलं हेल्मेट रागाने फेकून देऊ नका. मी फेकणार होतो, बायकोने अडवलं.

काळं, मॅट, बाजूला निळी पट्टी, १,३४९ ला घेतलेलं कुणाकडे असेल, तर आज रात्री अस्तर काढून आत बघा आणि मागचा नंबर तपासा. प्लायवूड निघालं तर उद्या ते घालून कुणाला बाहेर पाठवू नका. आणि मला कळवा. आयोगासमोर माझ्या एकट्याऐवजी दहाजणांची बिलं ठेवता आली, तर ‘किती रुपये?’ हा प्रश्न पुन्हा ऐकावा लागणार नाही.