इंग्रजी वाचनासाठी पेपर लावावा की गोष्टीची पुस्तकं आणावीत?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की नववी-दहावीच्या पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोराचं इंग्रजी वाचन फार कच्चं आहे, घरी इंग्रजी पेपर लावू का?" पेपर लावणं हा आपल्याकडचा राजमान्य उपाय आहे. गावात ज्या कुणाचं इंग्रजी फर्डं, तो म्हणे लहानपणापासून इंग्रजी पेपर वाचायचा.

मी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो. वाचनाच्या तासासाठी वर्गात काय आणायचं हा प्रश्न माझ्याही पुढे होता, तोही बेताच्या पैशात. त्यामुळे इंग्रजी दैनिक, शब्दसंख्या ठरवून लिहिलेली गोष्टीची पुस्तकं आणि उताऱ्यांची गाइडं अशा तिन्ही गोष्टी पोरांच्या हातात देऊन बघितल्या आहेत. खाली लिहितो ते मराठी माध्यमाच्या मुलांबद्दल. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, म्हणजे कागदावर नववीच्या मुलाची आठ वर्षं इंग्रजी शिकून झालेली असतात. प्रत्यक्षात तो धडा वाचून दाखवतो आणि धड्यात काय आहे ते सांगता येत नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांना यातलं बरंचसं लागू नाही.

गाइडचा विषय आधी मिटवतो. दहावीच्या ८० गुणांच्या लेखी कृतिपत्रिकेत पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला १५ गुण असतात, १० त्यावरच्या कृतींना आणि ५ सारांशाला. गाइडमधले उतारे नेमके याच साच्यातले, आणि पोरं त्यावर एक कला पैदा करतात: प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि तो सापडेल ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. चूक की बरोबर, जोड्या, अपुरी वाक्यं एवढं या जोरावर निघून जातं. उतारा कशाबद्दल होता असं विचारलं की सगळे छताकडे बघतात. सारांश आणि स्वतःचं मत मागणारी कृती हमखास कोरी सुटते, त्याचं कारणही हेच. जानेवारीनंतर गाइड जरूर सोडवून घ्यावं, वेळेचा अंदाज येतो. पण त्यातून कुणी वाचायला शिकलेलं मी तरी पाहिलं नाही.

तेव्हा खरी निवड उरते ती पेपर आणि गोष्टीची पुस्तकं यांच्यात.

पेपरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. रोज सकाळी दारात येऊन पडतो, आणायला जावं लागत नाही. महिन्याचं बिल परवडतं, वर रद्दीचे चार पैसे परत मिळतात. मुलाच्या हातात इंग्रजी पेपर दिसला की आजोबांनाही बरं वाटतं, आणि पुढे स्पर्धा परीक्षा द्यायची हे स्वप्न बहुतेक घरांत मागे उभं असतंच. शिवाय विषय आपले असतात. आपली गावं, आपला पाऊस, आपले मंत्री.

क्रीडा पानावर तर मी पेपरचा पूर्ण भक्त आहे. धडा वाचताना ज्याला घाम फुटतो असा पोरगा रात्रीच्या मॅचचं वर्णन सरसर वाचत जातो. काय घडलं ते त्याला आधीच ठाऊक असतं, शेवटच्या ओव्हरला कुणी किती कुटले हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग एखादा शब्द नवा आला तरी त्याचं अडत नाही. आधी मराठी पेपरात बातमी वाचायची आणि तीच मग इंग्रजीत, ही युक्तीही याच कारणाने चालते.

मग माझं पेपरशी का जमलं नाही? कारण तसं बारीक आहे, पण माझ्यापुरता त्यानेच निकाल लावला. ते कारण म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य.

बातमी लिहायची रीतच अशी की कोण, काय, कुठे, कधी हे सगळं पहिल्याच वाक्यात कोंबायचं, म्हणजे जागा कमी पडली तर उपसंपादकाला खालून कापता येतं. छापखान्याच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. शिकणाऱ्या मुलाची मात्र त्यात पंचाईत होते, कारण बातमीतलं सगळ्यात अवघड वाक्य नेमकं दारातच उभं असतं. एकदा वर्गात कोर्टाची एक बातमी घेतली होती. तिचं पहिलं वाक्य साधारण या क्रमाने चाललेलं: न्यायालयाने फेटाळली, काय तर याचिका, कसली तर नोटिशींना आव्हान देणारी, कोणी बजावलेल्या तर महापालिकेने, कुणाला तर शाळांजवळच्या फेरीवाल्यांना. आणि शेवटी, मंगळवारी. पिटिशन, हॉकर वगैरे शब्द मी आधीच फळ्यावर अर्थासकट लिहून दिले होते. मग विचारलं, नोटीस कुणी दिली? निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला, कोर्टाने.

पोरं आळशी नव्हती. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तिथे पोचेपर्यंत दम धरायची आपल्याला सवय असते. इंग्रजी बातमीत मुख्य क्रियापद सुरुवातीलाच येऊन जातं आणि मग शेपटीला शेपटी लागत राहते. मुलं शेवटी काहीतरी ठोस हाती लागेल म्हणून नेटाने वाचत जातात आणि हाती लागतो वार. दुसऱ्या दिवशी एका मुलीने तेच कात्रण घरून तयारी करून आणलं. प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने, मुंगीएवढ्या अक्षरात, मराठी अर्थ. एकही अर्थ चुकलेला नव्हता. नोटीस कोणाला होती ते तिलाही सांगता आलं नाही.

(यावर एक तोड आहे. बातमी तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापासून वाचायला लावायची, जिथे कुणीतरी साध्या वाक्यात काहीतरी म्हणालेलं असतं, आणि पहिलं वाक्य सगळ्यात शेवटी. पण रोज सकाळी शेजारी बसून हे कोण करून घेणार? आणि दर वेळी कुणी शेजारी बसावंच लागत असेल तर मुलाचं आपलं आपण वाचन झालं कुठे?)

दुसरी अडचण म्हणजे शब्द परत भेटत नाहीत. आज कोर्ट, उद्या पाणीकपात, परवा शेअर बाजार. सोमवारी कष्टाने पाठ केलेला शब्द पुन्हा दिसेपर्यंत गणपती येतात.

आता गोष्टीची पुस्तकं. ऑक्सफर्ड बुकवर्म्ससारख्या मालिका बहुतेकांनी निदान दुकानात पाहिल्या असतील. त्यांची सुरुवातीची पायरी २५० मूळ शब्दांची, मग पहिली ४००, दुसरी ७००, तिसरी १०००, असं करत सहावी २५००. नुसत्या शब्दांवर नाही, वाक्यरचनेवरही बंधन असतं. खालच्या पायऱ्यांवर शेपट्यांची वाक्यं जवळजवळ नसतातच, ती पायरीपायरीने येतात. पहिल्या पानावर भेटलेला माणूस शेवटच्या पानापर्यंत सोबत राहतो, आणि त्याच्यामागे त्याचे शब्दही. दिवा, पत्र, जिना, भीती हे शब्द दहा वेळा येऊन जातात, पाठ करावे लागत नाहीत.

ही कल्पना परदेशात बसून कुणी काढली असं वाटत असेल तर एक गंमत सांगतो. मायकल वेस्ट हा शिक्षण खात्यातला इंग्रज अधिकारी १९२०च्या दशकात ढाक्यात होता. शाळेतल्या बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याचा उपयोग जास्त, असं त्याचं मत. त्यांची वाचनाची पुस्तकं तपासली तर ओळीओळीला नवा शब्द आणि तो पुन्हा वापरलेला नाही. म्हणून त्याने अनवट शब्द काढून रोजचे घातले आणि नवे शब्द दूरदूर पेरले. अशा पायरीपायरीच्या पुस्तकांना आज ग्रेडेड रीडर म्हणतात, त्यांच्या मुळाशी हे काम आहे. आपल्यासारख्याच देशी भाषेच्या शाळेतली मुलं त्याच्या डोळ्यांपुढे होती.

संशोधनही साधारण याच बाजूला झुकतं. हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांच्या २००० सालच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर तिच्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासांत एक नवा. फिजीतल्या खेड्यांच्या शाळांत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्गात इंग्रजी गोष्टींची पुस्तकं भरपूर ठेवून पाहिली, तर ती वाचणारी मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या चांगलीच पुढे गेली. ती मुलं प्राथमिकची होती, त्यामुळे दहावीला हे तंतोतंत लागू होईल असा माझा दावा नाही.

माझा पुरावा घरगुती आहे. वाचनाच्या तासाला दोन पोरांची जुंपली होती. गोष्टीतला माणूस पत्र का लपवतो, बायकोला घाबरून की तिला वाईट वाटू नये म्हणून? एकाने दोन पानं मागे जाऊन एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे बघ, ती आजारी आहे ना, म्हणून." याच पोराने महापालिकेची नोटीस कोर्टाच्या गळ्यात घातली होती. आकलन म्हणजे काय, हे मला याहून चांगलं दाखवता येणार नाही.

पुस्तकांच्या बाजूच्या तक्रारीही सांगायला हव्यात, आणि त्या लहान नाहीत. एक म्हणजे किंमत. परदेशी प्रकाशनाचं पातळसं पुस्तक घेताना हात आखडतो, आणि पोरगं ते दोन दिवसांत संपवतं. तालुक्याच्या गावी ती मिळतीलच असं नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चौकशी करायची, नाहीतर ऑनलाइन मागवायची. दुसरी अडचण अभिमानाची. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हातात ४०० शब्दांचं चित्रांचं पुस्तक दिलं की "सर, हे तर केजीचं आहे" असं ऐकावं लागतं. मी यावर वाद घालत नाही. एखादी भुताची किंवा खुनाची गोष्ट निवडतो, तिथे वयाचा प्रश्न येत नाही. तिसरं, खालच्या पायरीची भाषा अळणी असते हे मान्य. आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं: काही मुलं एकाच पायरीवर सुखाने बसून राहतात. दहावीच्या उताऱ्यात जोडवाक्यं येतातच, तेव्हा वर चढवत नेणं हे मोठ्या माणसाचं काम आहे.

पैशाची अडचण असेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर आहे. २०१५ पासून सुरू असलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे, गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि कित्येक गोष्टी मराठी-इंग्रजी दोन्हींत सापडतात. छापून घ्यायलाही आडकाठी नाही. माणसं, घरं, जेवण सगळं आपलं. मात्र गोष्टी मूळच्या लहान मुलांसाठी लिहिलेल्या, त्यामुळे आठवीपर्यंत त्या चांगल्या पुरतात, दहावीला कमी पडतात. आणि फोनवर वाचायला दिलं तर पाचव्या मिनिटाला पोरगं दुसरीकडेच पोचलेलं असतं. चौथ्या पातळीच्या गोष्टींच्या छापील प्रती काढून द्याव्यात हे बरं. पुस्तकाला हातच लावत नाही अशा मुलासाठी 'टिंकल'चे जुने अंक चालतात. अर्धं काम चित्रं करतात, बाकीचं अर्धं तरी तो वाचतो.

पेपर कुणी लावावा? ज्याला तिसऱ्या पायरीचं पुस्तक न थांबता वाचता येतं त्याने खुशाल लावावा. दहावीची परीक्षा झाल्यावरची सुट्टी त्याला उत्तम, आणि सुरुवात शेवटच्या पानापासून. क्रिकेटचं वेड असेल तर नववीतही हरकत नाही, फक्त पहिलं पान वाच म्हणून मागे लागू नये. एखादं हुशार मूल थेट अग्रलेखापासून सुरू करून तरून जातंही. तशी मुलं मीही पाहिली आहेत, पण त्यांना आपल्या सल्ल्याची गरज नव्हती.

बाकीच्यांना मी पुस्तकं सुचवतो. पायरी ठरवायला चाचणी लागत नाही. मधलं कुठलंही पान उघडून मुलाला वाचायला द्यायचं आणि अडलेल्या शब्दाला एकेक बोट मिटायला सांगायचं. मूठ पूर्ण मिटली तर एक पायरी खाली उतरायचं. एकही बोट मिटलं नाही तर वरची पायरी बघायची. खर्चाचं म्हणाल तर चार-पाच घरांनी मिळून प्रत्येकी दोन वेगवेगळी पुस्तकं घ्यावीत आणि दर शनिवारी अदलाबदल करावी. मुलांनी वहीत अर्थ लिहायचे नाहीत. पुढच्या वाचणाऱ्याला गोष्टीचा शेवट सांगायचा नाही, एवढा एकच नियम आमच्या वर्गात आहे. तो रोज मोडला जातो, आणि मी त्याकडे काणाडोळा करतो.