ग्रॅम्प्स की रूट्समॅजिक: वंशावळीचे पुरावे आणि स्कॅन कुठे ठेवावेत?

वंशावळीत नावं भरायला कुठलंही सॉफ्टवेअर चालतं. खरी परीक्षा होते ती कुणी 'हे कशावरून?' असं विचारल्यावर. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा कागद लागतो, कुळवृत्तांताची नवी आवृत्ती काढताना प्रत्येक नात्याला आधार लागतो. दोन्हीकडे कागद आणि त्याचा स्कॅन मिनिटभरात सापडायला हवा. ग्रॅम्प्स (मोफत, मुक्तस्रोत, विंडोज, मॅक, लिनक्स) आणि रूट्समॅजिक (विकत, शिवाय मर्यादित सोयींची मोफत आवृत्ती, विंडोज, मॅक) यांतून निवडताना हीच कसोटी लावावी.

कसोटीला वारसाची फेरफार नोंद (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) घेऊ. गाव नमुना ६ या फेरफार नोंदवहीतल्या एका नोंदीत खातेदार मयत झाल्याची तारीख, वारसांची नावं, नाती आणि वारस अज्ञान (अल्पवयीन) असेल तर 'अ.पा.क.' म्हणून पालनकर्त्याचं नावही मिळतं. म्हणजे कागद एक, पण तो सात-आठ माहित्यांना जोडायचा.

ग्रॅम्प्समध्ये तीन पायऱ्या आहेत. कागद जिथे आहे ते ठिकाण म्हणजे रिपॉझिटरी (तहसीलचा अभिलेख कक्ष), त्यातलं रजिस्टर म्हणजे सोर्स, आणि त्यातली एक नोंद म्हणजे सायटेशन. फेरफार क्रमांक 'व्हॉल्यूम/पेज'च्या रकान्यात लिहावा आणि स्कॅन सायटेशनच्या गॅलरीत जोडावा. माणसाच्या गॅलरीत टाकलात तर तोच कागद आठ माणसांना आठदा जोडत बसावं लागतं. पुढच्या माणसाला जोडताना अस्तित्वात असलेलं सायटेशन निवडायचं बटण वापरा. नवखे अडतात ते इथेच: उघडलेल्या यादीत सोर्सच्या ओळीवर क्लिक केलं तर नवं सायटेशन तयार होतं. सोर्स उलगडून त्याखालची ओळ निवडली तरच जुनं सायटेशन सामायिक होतं. हे न कळल्यामुळे एकाच फेरफाराच्या डझनभर प्रती साचतात. मग टूल्समधल्या सायटेशन एकत्र करण्याच्या सोयीने त्या आवराव्या लागतात.

रूट्समॅजिकमध्येही आठव्या आवृत्तीपासून (२०२१) एक सायटेशन अनेक ठिकाणी वापरता येतं. शिवाय एका बाबतीत ते स्पष्टपणे सरस आहे. वारसांच्या नावांसाठी फेरफार भक्कम पुरावा असतो, पण त्यातलं अज्ञान वारसाचं वय बहुतेकदा अंदाजाने लिहिलेलं असतं. रूट्समॅजिक पुराव्याचा दर्जा त्या त्या वापरापुरता नोंदवतं: माहिती प्रथम हाताची की ऐकीव, पुरावा थेट की अप्रत्यक्ष. ग्रॅम्प्समधली 'कॉन्फिडन्स'ची पाच पायऱ्यांची पट्टी मात्र खुद्द सायटेशनला चिकटलेली असते. ती एका ठिकाणी कमी केली की सगळीकडे कमी होते. त्यामुळे अशा कागदाची तिथे मुद्दाम दोन सायटेशन करावी लागतात.

छापील तळटीपा हव्या असतील तरी रूट्समॅजिक पुढे आहे. पूर्ण टीप, संक्षिप्त टीप आणि ग्रंथसूची अशी तिन्ही रूपं ते साच्यांतून तयार करतं. पण ते साचे इंग्रजी वाक्यरचनेचे आहेत. मराठी पुस्तकासाठी 'फ्री फॉर्म' साचा घ्यावा, नाहीतर स्वतःचा बनवावा.

आता स्कॅनकडे वळू. दोन्ही सॉफ्टवेअर मूळ फाइल आपल्या पोटात घेत नाहीत, फक्त तिचा पत्ता लक्षात ठेवतात. म्हणून लॅपटॉप बदलला की चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. यावर उपाय आधीच करायचा असतो. सगळे स्कॅन एकाच फोल्डरखाली आणा. ग्रॅम्प्सच्या प्रेफरन्सेसमध्ये तो 'बेस मीडिया पाथ' म्हणून द्या आणि जुने पत्ते मीडिया मॅनेजरमधून सापेक्ष (त्या फोल्डरपासून मोजलेले) करून घ्या. रूट्समॅजिकमध्ये तोच मीडिया फोल्डर म्हणून नेमा.

तरी लिंक तुटल्याच, तर रूट्समॅजिकचं दुरुस्तीचं टूल फाइल नावावरून शोधतं. प्रत्येक फोल्डरात 'स्कॅन००१' असेल तर भलताच कागद जोडला जाण्याचा धोका आहे. ग्रॅम्प्सचं 'मीडिया व्हेरिफाय' हे ॲडऑन फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या चेकसमने (फाइलच्या बोटाच्या ठशासारख्या आकड्याने) ओळख पटवतं. त्यामुळे नाव बदललेली फाइलही सापडते. मात्र ते चेकसम फाइली जागेवर असतानाच तयार करून ठेवायला हवेत. शेकडो स्कॅन असलेल्या घराण्याला एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा ग्रॅम्प्स घ्यावं असं आमचं मत आहे.

फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा: वर्ष, कागदाचा प्रकार, क्रमांक, पान. देवनागरी नाव दिसायला छान दिसतं, पण 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं. मॅक आणि विंडोजमध्ये फाइली फिरल्या की डोळ्यांना तेच दिसणारं नाव संगणकाला वेगळं वाटू शकतं.

लग्नातल्या समूहचित्रासाठीही ग्रॅम्प्स सोयीचं आहे. फाइल एकच ठेवून प्रत्येकाच्या गॅलरीत त्याच्या चेहऱ्यापुरती चौकट आखता येते. पीडीएफवर ही चौकट चालत नाही, म्हणून फोटो जेपेगमध्येच ठेवा. दोन्हीकडे शक कालगणनेसाठी रकाना नाही. शके किंवा फसली सालाची तारीख कागदावर आहे तशी सायटेशनच्या टिपेत लिहा, तारखेच्या रकान्यात इसवी सन भरा.

एकातून दुसऱ्यात जाण्याचा बेत असेल तर गेडकॉमवर (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या सामायिक फाइल-प्रकारावर) सगळा भार टाकू नका. अजूनही सर्रास चालणाऱ्या ५.५.१ आवृत्तीत सामायिक सायटेशन नावाची गोष्टच नाही. निर्यात करताना एकाच्या आठ प्रती होतात, रूट्समॅजिकचे साचे सपाट मजकूर होतात आणि स्कॅनचे फक्त पत्ते जातात. ग्रॅम्प्सची स्वतःची पॅकेज फाइल आणि रूट्समॅजिकचा मीडियासह घेतलेला बॅकअप यांत स्कॅनही येतात, पण त्या एकमेकांच्या उपयोगाच्या नाहीत. म्हणून पहिल्या दिवशीच दहा माणसं आणि पाच कागद भरून पाहा. बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडा आणि पाचही स्कॅन दिसतात का ते तपासा. उरलेली वंशावळ त्यानंतर भरायला घ्या.