प्लेअर रेटिंगवाल्या ॲपला पैसे भरले त्याची गोष्ट (२ स्टार)

रग्बी खेळाडूंना मार्क देणारं एक ॲप आहे, नाव नाही घेत. मॅच संपते न संपते तोच प्रत्येकाला दहापैकी मार्क, खाली टॅकल (बॉलवाल्याला धरून पाडणं) किती, बॉल घेऊन किती वेळा घुसला, किती मीटर पळाला, सगळं येतं. लायन्सच्या (ब्रिटन आणि आयर्लंडची एकत्र टीम) ऑस्ट्रेलिया टूरसाठी मी पेड प्लॅन घेतला, ब्रिस्बेनच्या पहिल्या टेस्टपर्यंत खूश पण होतो. मग २६ जुलै २०२५, मेलबर्न.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, एमसीजीवर ९० हजार लोक, ऑस्ट्रेलिया २३-५ ने पुढे, आणि तिथून लायन्सनी २९-२६ ने काढली. शेवटच्या मिनिटात लायन्सच्या ह्यूगो कीननचा ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे टेकवणं, पाच पॉइंट). आणि तो ट्राय आला एका रकमधून (जमिनीवरच्या बॉलसाठी दोन्ही टीमची ढकलाढकली) जिथे लायन्सच्या जॅक मॉर्गनने ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला बॉलवरून उडवला, टिझानो मान धरून पडला, टीएमओने (व्हिडिओ बघणारा रेफरी) दहादा बघितलं आणि रेफरी आंद्रेया पियार्दी म्हणाला ट्राय आहे. (माझ्या मते पेनल्टी नव्हती, भांडायचं असेल तर खाली या.) पेनल्टी असो वा नसो, मॅच त्या एका धक्क्यावर फिरली की नाही? ॲप उघडलं तर कीनन झकास वर, आणि मॉर्गन बेंचवरून उशिरा आलेला म्हणून कुठेतरी खाली पडलाय. रकमध्ये कोणी कोणाला हटवलं याला रकानाच नाहीये! बॉल हातात असेल तरच तुम्ही खेळताय असं यांना वाटतं बहुतेक.

दुसरा वैताग ऑस्ट्रेलियाचा विल स्केल्टन. तो आणि रॉब व्हॅलेटिनी पहिल्या टेस्टला नव्हते, इथे आले आणि पहिल्या हाफमध्ये लायन्सचे फॉरवर्ड्स (पुढची आठ दांडगी माणसं) चक्क मागे ढकलले जाताना दिसले. स्केल्टन दोन मीटरच्या वर उंच, त्याला थांबवायला दोन माणसं लागतात म्हणजे बाजूला कोणीतरी मोकळा राहतो, आणि फायदा होतो त्या मोकळ्या माणसाचा, मार्क पण त्यालाच. व्हॅलेटिनी हाफटाइमला बाहेर गेला, स्केल्टन थोड्या वेळाने, आणि दुसऱ्या हाफमध्ये ऑस्ट्रेलियाचे एकूण पॉइंट किती? ३. एका पेनल्टीचे. ॲपच्या हिशोबात दोघं ठीकठाक, कारण मिनिटं कमी.

आणि हुकलेले टॅकल! जो डिफेंडर झपकन पुढे येऊन समोरच्याची जागाच खाऊन टाकतो त्याचा टॅकल हुकला की मार्क कापले, आणि जो आरामात मागे उभा राहून आठ मीटर देऊन मग पकडतो त्याला पूर्ण मार्क. असं कसं चालेल राव.

जेम्स स्लिपरचं पण तेच, २०१३ मध्येसुद्धा लायन्सशी खेळलेला माणूस, प्रॉप आहे, त्याचं खरं काम स्क्रममध्ये (दोन्ही टीमचे फॉरवर्ड्स भिडून ढकलतात तिथे), पण मार्क वाढले ते ट्रायमुळे.

काय चांगलं आहे ते पण सांगतो. बदली खेळाडूंच्या वेळा अचूक, ॲप अडकत नाही, आणि टॅकलनंतर बॉल चोरणारे बरोबर पकडतात, म्हणून लायन्सचा टाइग बर्न ॲपमध्ये कायम वर असायचा आणि पुढे सिरीजचा प्लेअर पण तोच झाला. टॉमी फ्रीमनच्या यलो कार्डाचे मार्क कापले तेही योग्यच.

क्रिकेटचं स्कोअरकार्ड वाचून मॅच निदान अर्धी तरी कळते, तसं इथे होईल असं समजून पैसे भरत असाल तर नका भरू. फुकटवालं व्हर्जन पुरे. सिडनीच्या तिसऱ्या टेस्टला विजांमुळे मॅच थांबली होती ना, तेव्हा मी पहिल्या हाफचे रक परत लावले आणि प्रत्येक वेळी पहिला कोण पोचला ते वहीत लिहीत बसलो, मॅच परत सुरू झाली तरी निम्मे राहिलेच होते.