चिंचवडच्या एका लायब्ररीचा रिव्ह्यू, फक्त साय-फायवाल्यांसाठी

आधीच सांगतो, तुम्हाला ऐतिहासिक कादंबऱ्या, आत्मचरित्रं, रेसिपी बुक असलं काही वाचायचं असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही, त्या बाबतीत ही लायब्ररी कुठल्याही चार लायब्रऱ्यांसारखीच आहे. मी दीड-दोन वर्षं मेंबर आहे आणि एकाच कपाटाचा गिऱ्हाईक आहे. मागच्या भिंतीला, खिडकीशेजारी, हिरवं लोखंडी कपाट, त्यावर खडूने लिहिलंय "विज्ञान + भूत". हो, एकत्रच! मी पहिल्याच दिवशी लायब्ररीवाल्या काकांना विचारलं हे काय, तर म्हणे दोन्ही नेणारी माणसं तीच असतात हो, रात्री दीड वाजता दिवा चालू ठेवून घरच्यांच्या शिव्या खाणारी. आता नारायण धारपांनी भुतंपण लिहिली आणि विज्ञानकथापण लिहिल्या, त्यामुळे वाद घालायला फार जागाच नव्हती, मी गप्प बसलो.

लायब्ररीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि काकांचं आणि माझं बरं चाललंय. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, एवढं पुरे. चिंचवडमधल्या वाचणाऱ्यांना कळेलच.

व्यवहाराचं पटकन सांगून टाकतो. डिपॉझिट पाचशे, दोन पुस्तकांचे महिन्याला अडीचशे, तीन हवी असतील तर तीनशे. गुरुवारी बंद. दुपारी एक ते साडेचार बंद (पुणेकरांना वेगळं सांगायला नको). लेट फी पुस्तकाला रोज दोन रुपये, पण सुनबाई काउंटरला असतील तर घेतात आणि काका असतील तर "वाचून झालं का पण?" एवढंच विचारतात. झालं नाही म्हटलं तर फी माफ, झालं म्हटलं तर फी. हा नियम मला अजून कळलेला नाही, उलटा हवा होता असं वाटतं.

आता कपाट. एकूण दीडशे-पावणेदोनशे पुस्तकं असतील, त्यात भुतं वजा केली तर शंभर. वरच्या दोन फळ्या मराठी. नारळीकर जवळजवळ सगळे, 'प्रेषित'च्या तर तीन कॉप्या आहेत, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण साधूंची 'विप्लवा', आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, ज्याची पानं आता पापडासारखी मोडतात. खालच्या दोन फळ्या इंग्रजी, त्या कशा भरल्या गेल्यात ते कळत नाही, बहुतेक कोणीतरी घर बदलताना रद्दीऐवजी इथे आणून टाकली असणार. क्लार्क आणि असिमोव्ह भरपूर, ल ग्विन एक, ऑक्टाव्हिया बटलर शून्य, आणि अलीकडच्या पाच-सहा वर्षांतलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. चिनी लेखक लिऊ त्सिशिनच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'च्या तीन भागांपैकी पहिला आणि तिसरा आहे. दुसरा नाही. दुसरा विकत घ्या मग, असं काकांचं म्हणणं, आणि खरं सांगू का मी घेतला, कारण पहिला संपल्यावर थांबणं शक्यच नव्हतं. तो आता वाचून झाल्यावर मी लायब्ररीलाच देऊन टाकणार आहे म्हणजे पुढच्या माणसाचे हाल नकोत.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की मग कशाला जायचं, मोबाईलवर ई-बुक घेऊ, अर्ध्या मिनिटात डाउनलोड. बरोबर आहे. मीपण घेतो. पण काउंटरवर एक वही आहे.

ही वही म्हणजे साधी लांब फुलस्केप, पुठ्ठ्याच्या बाइंडिंगची, मुळात ती सूचना आणि तक्रारींसाठी ठेवली होती. पहिली दोन पानं तशीच आहेत, पंखा दुरुस्त करा, मासिकं वेळेवर येत नाहीत वगैरे. तिसऱ्या पानावर कोणीतरी लिहिलंय की सध्या 'रामा' वाचतोय, क्लार्कची, 1973ची, अजून कोणी वाचली आहे का, बोलायचंय. त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात उत्तर. त्याच्याखाली तिसऱ्या. तेव्हापासून ती विज्ञान + भूत कपाटाचीच वही झाली, पंखा तसाच आहे. आता चौथी वही चालू आहे, जुन्या तिन्ही मागितल्या तर काका ड्रॉवरमधून काढून देतात, बाकड्यावर बसून वाचायच्या, घरी न्यायच्या नाहीत.

त्या 'रामा'वरची चर्चा तर मी तीनदा वाचली. गोष्ट अशी की सूर्यमालेत बाहेरून एक भलामोठा सिलिंडर येतो, पन्नास किलोमीटर लांब, आणि त्याला नाव राम दिलंय कारण खगोलवाल्यांची ग्रीक आणि रोमन देवांची नावं तोवर वापरून संपलेली असतात आणि ते हिंदू देवांवर आलेले असतात. यावर एका आजोबांनी (अक्षरावरून आजोबा, एकदम मोडी शिकल्यासारखं वळण) लिहिलंय की तेहतीस कोटी आहेत, आता काळजी नाही, बरीच वर्षं पुरतील. त्याखाली एका मुलीने लिहिलंय की मला राग आला, पूर्ण पुस्तकात आत कोण होतं ते सांगतच नाहीत. त्याखाली आजोबा पुन्हा: अहो तेच तर बरंय, आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या घरात कोण आहे ते सगळ्यांना माहीत असतं, त्यात काय मजा आहे.

हे असं कुठलं ॲप देणार आहे? ॲप मला सांगतं तुम्ही हे घेतलंत म्हणून हे घ्या, आणि ते बरोबर त्याच रंगाच्या कव्हरचं, तसंच अंतराळयान असलेलं पुस्तक असतं. वही सांगते की दहावीतल्या एका पोराला 'प्रोजेक्ट हेल मेरी' वाचून बोर्डाच्या फिजिक्सची भीती गेली आणि त्याच्या आईने खाली लिहिलंय भीती गेली हे खरं, अभ्यासपण गेला. मी ते पुस्तक केवळ त्या आईच्या ओळीमुळे घेतलं. अँडी वीअरचं, 2021चं, एक माणूस यानात एकटा जागा होतो आणि त्याला स्वतःचं नावही आठवत नाही, पुढचं सांगत नाही, पण अर्ध्यात त्याला जो दोस्त भेटतो तो सुरावटीत बोलतो आणि दोघं एकमेकांची भाषा शिकतात ती पन्नासेक पानं मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये उभं राहून वाचली, माझा स्टॉप पुढे गेला, दोनदा.

आणि लिऊ त्सिशिनबद्दलची एक माहिती मला इथेच मिळाली, नंतर मी खात्री करून घेतली, खरी निघाली. पहिल्या भागाचं इंग्रजी पुस्तक सुरू होतं ते चीनच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या एका भयंकर प्रसंगाने, पण चिनी पुस्तकात तो भाग मध्ये कुठेतरी घातला होता, केन लिऊने भाषांतर करताना लेखकाच्या संमतीने तो पुढे आणला. 2015ला ह्युगो, म्हणजे साय-फायचं मोठं बक्षीस, मिळालं त्याला, भाषांतरित कादंबरीला पहिल्यांदाच. वहीत हे लिहिणारा माणूस स्वतः भाषांतराची कामं करतो असं दिसतं, कारण पुढे त्याने चिडून लिहिलंय की आम्ही प्रकाशकाला स्वल्पविराम हलवू का विचारलं तरी फोन येतो.

आता मेन किस्सा आणि मेन तक्रार, दोन्ही एकच.

2025च्या मेमध्ये, 20 तारखेला, नारळीकर गेले. त्या आठवड्यात वरची फळी पूर्ण रिकामी झाली, 'प्रेषित'च्या तिन्ही कॉप्या बाहेर, 'वामन परत न आला' बाहेर, सगळंच. वहीत चार पानं भरून लोकांनी फक्त पहिल्यांदा कधी आणि कुठे वाचलं तेवढंच लिहिलंय. शाळेच्या लायब्ररीत, मामाकडे, एसटीत, हॉस्पिटलमध्ये बाबांच्या उशाशी. कोणी श्रद्धांजली बिद्धांजली शब्द वापरला नाही, बरं वाटलं. मला महिन्याभराने एक जुना कथासंग्रह मिळाला ज्यात 'गंगाधरपंतांचे पानिपत' आहे, मी ती गोष्ट अकरावीला इंग्रजीच्या पुस्तकात वाचली होती, मराठीत कधीच नाही, आणि घरी येऊन चहा करून बसलो.

ज्यांनी वाचली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ट्रकला धडकतात आणि एका अशा जगात जाऊन पडतात जिथे 1761ला पानिपत मराठ्यांनी जिंकलंय, विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही. ते पुण्याहून गाडीने मुंबईला जातात, तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून दुकान मांडून बसलीये. ते टाऊन हॉलच्या लायब्ररीत जाऊन बखर उघडतात, लढाई कुठे फिरली ते शोधायला. मग आझाद मैदानावर भाषणाच्या नादात मार खातात, आणि परत आपल्या जगात आल्यावर पुरावा म्हणून हातात राहतं काय, तर त्या बखरीचं एक फाटलेलं पान. मग त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे बसून सगळं क्वांटमचं समजावून सांगतो.

आणि माझ्या कॉपीत नेमकं ते समजावून सांगण्याचं पान फाटलेलं. शप्पथ. मी चहा घेऊन बसलोय, गंगाधरपंतांनी खिशातून पान काढलंय, मी उलटतो तर एकदम पुढचीच गोष्ट. मला आधी वाटलं मुद्दाम आहे काहीतरी, मग चिडचिड झाली. दुसऱ्या दिवशी गुरुवार, बंद. शुक्रवारी गेलो, काका म्हणाले अरे हो, ते पान गेलं खरं, बरीच वर्षं झाली, तुम्ही वही बघितली का? तिसरी वही, मधोमध, हिरव्या बॉलपेनने, कोणीतरी अख्खं पान उतरवून ठेवलेलं, दोन्ही बाजू, शुद्धलेखनासकट. खाली सही नाही, तारीख नाही. मी काकांना म्हटलं हे मुळाबरहुकूम आहे कशावरून, मध्येच एखादं वाक्य स्वतःचं घातलं असेल तर? काका म्हणाले, तुम्ही होतात का पानिपतावर?

मग त्यांनीच मला सांगितलं, मला हे माहीत नव्हतं, की नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा 1974ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप नावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर कोणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. 'कृष्णविवर' ती, पहिलं बक्षीस मिळालं. "तेव्हा दुसऱ्याच्या अक्षरातला नारळीकर चालतो," हा काकांचा निर्णय. ह्या मुद्द्यावर पान फाटल्याची तक्रार रद्द झाली असं त्यांनी परस्पर ठरवलं.

मी रद्द केलेली नाही, म्हणून इथे लिहितोय. पुस्तकं परत घेताना कोणी पानं बघत नाही. मला चौदा-पंधरा वेळा घेतलेल्या पुस्तकांत तीनदा पानं गायब मिळाली, एकदा तर एकत्र शिवलेला अख्खा फॉर्मच सुटून गेलेला, सोळा पानं, दोनशे आठनंतर थेट दोनशे पंचवीस. भुतांच्या पुस्तकात हे एकवेळ चालून जातं, साय-फायमध्ये नाही चालत राव, मध्ये यान कुठल्या ताऱ्याला पोचलं तेच कळत नाही. तर घरी नेण्याआधी तिथेच उभं राहून पानं चाळा, सुनबाई काही बोलत नाहीत.

होम डिलिव्हरी आहे म्हणून बोर्ड आहे. घेऊ नका. मी एकदा असिमोव्ह मागवला, 'फाउंडेशन', आकाशगंगेतल्या साम्राज्याची कादंबरी, तर बांधकामावरचं पुस्तक आलं, पाया कसा भरावा, सळई किती जाडीची. पोरगा नवीन होता. परत देताना वहीत नोंद केली, त्याखाली आजोबांनी लिहिलंय, वाचून ठेवा, साम्राज्य उभारायचं तर ते आधी लागेल. व्हॉट्सॲपवर नव्या पुस्तकांची यादी येते ती पण बेभरवशाची, कव्हरचे फोटो, अर्धे आडवे, आणि साय-फायचं नवीन पुस्तक असेल तर ते "इतर" मध्ये असतं.

उलट दिवाळी अंकांची योजना एकदम झकास. एकदा पैसे भरले की मार्चअखेरपर्यंत सगळे अंक फिरत्या पद्धतीने, एका वेळी दोन. 'धनंजय' आणि 'नवल' साठी रांग असते, नोव्हेंबरमध्ये नंबर लावला तर जानेवारीत मिळतो, पण तोपर्यंत वहीत प्रत्येक कथेवर चार-चार जणांनी लिहून झालेलं असतं आणि शेवट सांगायचा नाही हा नियम बहुतेकजण पाळतात. एक महाशय पाळत नाहीत. ते लाल पेनने लिहितात, त्यामुळे लाल दिसलं की हाताने झाका आणि पुढे जा.

पाचपैकी किती द्यायचे हे मला ठरवता येत नाहीये. पुस्तकांना अडीच, जपणुकीला एक, डिलिव्हरीला शून्य, वहीला पाच. सरासरी तुम्ही काढा.

सध्या वहीत शेवटची नोंद माझी आहे, ल ग्विनची 'लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' चालू आहे, तो बर्फावरून दोघं घसरगाडी ओढत जातात तो भाग आलाय, अजून कोणी वाचलीये का म्हणून विचारलंय, आठवडा झाला उत्तर नाही. कोणी चिंचवडला जाणार असेल तर बघा जरा. पेन स्वतःचं न्या, तिथलं दोरीला बांधलेलं आहे ते चालत नाही.