पहिलं कॅम्पेन: सरळ वाट, सँडबॉक्स की वेस्ट मार्चेस?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाचं पहिलं कॅम्पेन (अनेक सेशन, म्हणजे बैठका, चालणारा खेळ) चालवायला घेतलेला डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) कथा शोधण्यातच दमतो. त्याआधी एक गोष्ट ठरवा: 'आता पुढे काय?' याचं उत्तर दर सेशनला कोण देणार?

सरळ वाटेच्या कॅम्पेनमध्ये ते उत्तर छापलेलं असतं. २०१४च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' हे मॉड्यूल (छापील साहसकथा) घ्या. मालाची गाडी फॅन्डालिन गावाला पोचवायची असते आणि वाटेत गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. डीएमने पुढचा भाग वाचून ठेवला की निभतं, नव्या खेळाडूलाही लगेच काम मिळतं. भीती रेलरोडिंगची: खेळाडू काहीही ठरवोत, डीएम त्यांना त्याच दाराशी ओढून आणतो. पण याच मॉड्यूलचा तिसरा भाग बराच मोकळा आहे. हवं तर थंडरट्रीला जा, तिथे हिरवा ड्रॅगन बसलाय. आपल्या गटाला मोकळीक मानवते का, ते इथे कळतं. म्हणून नव्या डीएमला मी हेच सुचवेन.

सँडबॉक्समध्ये, म्हणजे हवं तिकडे फिरता येईल अशा मोकळ्या जगात, उत्तर खेळाडूंनी द्यायचं. 'टूम ऑफ ॲनायलेशन' या मॉड्यूलमध्ये (२०१७) चुल्टचं जंगल दहा-दहा मैलांच्या हेक्सचं (नकाशावरच्या षटकोनी घरांचं) आहे, पायी दिवसाला साधारण एक हेक्स. वाटाड्या कोणता घ्यायचा, पाणी किती न्यायचं, यातच खरी मजा. मात्र कथेत मृत्युशापाची घाई आहे. मोहिमेवर पाठवणारी बाई त्या शापाने रोज खंगत जाते, मग भटकायला मन होत नाही. ती मुदत बेधडक सैल करा. एरवीही सँडबॉक्समध्ये सगळे एकमेकांकडे बघत बसण्याची वेळ येते, तेव्हा दोन-तीन अफवा हाताशी असू द्या. आणि उठण्याआधी 'पुढच्या वेळी कुठे?' हे विचारून घ्या, तयारी तेवढीच करावी लागते.

सगळ्यांच्या तारखा कधीच जुळत नसतील तर बेन रॉबिन्स या डीएमचं वेस्ट मार्चेस हे कॅम्पेन बघा. त्याच्याकडे दहा-चौदा खेळाडू होते. ठरलेला वार नाही, ठरलेली पार्टी (एकत्र निघणारा गट) नाही. कधी खेळायचं, कुठे जायचं, ते खेळाडूच जुळवायचे. गाव सुरक्षित, आणि जितकं दूर जाल तितका धोका जास्त. सेशन संपेपर्यंत गावात परत यायचं, म्हणजे पुढच्या वेळी दुसरेच चौघे निघू शकतात. चार-पाचच खेळाडू असतील तर मात्र या वाटेला जाऊ नका. नकाशाचं एवढं काम करून डीएम थकेल आणि गटागटांतली चुरसही रंगणार नाही.