मलावीची मिशन ट्रिप: पाचपैकी अडीच तारे

नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीतून आम्ही सात जण जुलैत आफ्रिकेतल्या मलावीला जाऊन आलो. बारा दिवस, मुक्काम राजधानी लिलाँग्वे, काम तरुण कैद्यांना शिकवायचं. नेणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही. पण अशा ट्रिपचे पैसे भरायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

माहितीपत्रकात शिकवण्याचे 30 तास होते. मी जन्मभर गणित शिकवलंय, हिशेब ठेवायची खोड आहे. भरले साडेअकरा! बाकीचे फाटकावरची झडती, गाणी, विश्वासाच्या साक्षी यांत गेले. शिवाय रोज फाटकाबाहेर ग्रुप फोटो. बायबलमधल्या मत्तय 25 मधलं बंदिशाळेचं वचन रोज वाचलं जायचं. त्यात भेटायला जा म्हटलंय, फोटोचं काही नाही.

सामानाच्या यादीत स्वेटर नव्हता. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, शहर हजार मीटर उंचीवर. सगळे कुडकुडलो. यादीप्रमाणे नेलेल्या 40 स्पायरल वह्या तारेमुळे फाटकावरच राहिल्या. कर्कटक मी घरीच ठेवलं होतं, एवढी अक्कल मला होती.

आता वर्ग. शिरले तशी पोरं एका सुरात ओरडली, "मुली ब्वांजी?" मी उगाच मुली शोधायला लागले. तिथल्या चिचेवा भाषेत ते 'कसे आहात' निघालं. त्यांच्या मोजणीत सहा म्हणजे 'पाच आणि एक', सात म्हणजे 'पाच आणि दोन'. मी आमचं एकोणतीस समजावलं, तिसाला एक कमी. एकाने विचारलं, "मग सरळ वीस आणि नऊ का नाही?" काय सांगणार, कपाळ!

भागाकार फळ्यावर काही केल्या उतरेना. मागच्या रांगेतला एक जण उठला आणि मला अंगणात बावो नावाच्या खेळापाशी घेऊन गेला. जमिनीत चार ओळी, प्रत्येकीत आठ खळगे, खेळायला 64 खडे. त्यातले पाच हरवलेले. मी म्हटलं, उरलेले सात जणांत वाटा. आठ-आठ वाटून झाले, तीन खडे त्याच्या मुठीत राहिले. "हे कुणाचे?" "बाकी," मी मराठीतच बोलून गेले. पुढे सगळे 'बाकी'च म्हणायला लागले.

तिथे रोज शिकवतो तो शिकलेला एक कैदीच. आठवीअखेरच्या सरकारी परीक्षेला तो पोरांना बसवतो. त्याने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली: जुन्या प्रश्नपत्रिका. आमच्या खोक्यात गीतांची पुस्तकं होती.

जेवण उत्तम. मक्याची न्सिमा आपल्या घट्ट उकडीसारखी, सोबत सरोवरातला चांबो मासा. अर्धा तारा त्याचा, दोन वर्गाचे. संस्थेला शून्य. प्रश्नपत्रिकांचं विचारलं तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. तुम्ही जाणार असाल तर शिवलेल्या वह्या न्या, आणि स्वेटर.