आठ फुटांचा पाया आणि तुळजापूरची रांग

‘एवढा शहाणा माणूस फसला कसा?’ हे सासऱ्यांनी विचारून झालंय, मोठ्या भावाने विचारून झालंय, आणि ज्याने स्वतः आयुष्यात एक चूल बांधली नाही त्या साडूनेही विचारून झालंय. तेव्हा तेवढं सोडून बोला.

घराच्या पायात ठेकेदाराने फसवलं, 5,26,000 रुपये गेले. त्यातले 1,26,000 चेकने आणि ऑनलाइन, 4,00,000 रोख. रोखीची पावती नाही. हे वाचून तुम्ही कपाळावर हात मारला असेल. मी रोज मारतो.

जुळे सोलापुरात 1,200 चौरस फुटांचा प्लॉट, बारा वर्षांपूर्वी घेतलेला. आपल्याकडची काळी माती कशी आहे ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. मे महिन्यात भेगांत हात जातो आणि पाऊस पडला की तीच माती फुगून वर येते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायचा, हे मला ठाऊक होतं. अगदी अडाणी नव्हतो मी. दोन ठेकेदारांचे दर घेतले. पहिला म्हणाला, जोत्यापर्यंत मटेरियलसकट चौरस फुटाला 850. दुसरा म्हणाला 640. बांधकाम 900 चौरस फुटांचं, म्हणजे एकीकडे 7,65,000 आणि दुसरीकडे 5,76,000. फरक 1,89,000. नऊ हजार पाचशे भाड्याच्या घरात राहून पतसंस्थेचा हप्ता भरणाऱ्या माणसाला 1,89,000 म्हणजे काय असतं, ते ज्याने भरलाय त्यालाच कळेल.

दुसऱ्याशी बोलणं ठरलं ते असं: 12 फुटिंग (कॉलमखालचे पाये), प्रत्येक खड्डा पाच बाय पाच, खोली 8 फूट, खाली पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), 12 मिलिमीटर सळईची जाळी, एम-20 ताकदीचं काँक्रीट. हे सगळं त्याने एका वहीच्या पानावर लिहून दिलं. खाली सही नाही, फक्त ‘शुभ लाभ’. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, ‘मालक, 18 टक्के जीएसटी लागंल. 1,03,680 सरकारला देण्यापेक्षा तेवढ्यात वरच्या टाकीचं काम होतंय की.’ मला पटलं. आपल्या सगळ्यांनाच हे पटतं, खोटं कशाला बोलायचं?

जानेवारी 2025, गड्ड्याची यात्रा संपली आणि खोदाई सुरू झाली. भूमिपूजनाला 51,000 चा चेक. जेसीबी आला तो गुरुवारी, मी कामावर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे मी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. रात्री आठ वाजता मोबाइलचा उजेड घेऊन प्लॉटवर गेलो. ‘कडेला जाऊ नका, माती ढासळतीय,’ म्हणून त्याने मला चार फूट लांब उभं केलं. अंधारात कुठलाही खड्डा विहिरीसारखाच दिसतो. त्याच रात्री 75,000 ऑनलाइन आणि 50,000 रोख दिले.

शेजारच्या अप्पांनी दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, ‘माती किती ट्रॉल्या गेली तुमची?’ मी म्हटलं, दहा. ते ‘हं’ म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. त्या ‘हं’चा अर्थ मला नऊ महिन्यांनी कळला. पाच गुणिले पाच गुणिले आठ म्हणजे 200 घनफूट. बारा खड्डे म्हणजे 2,400 घनफूट, म्हणजेच 24 ब्रास. खोदलेली माती सुटी होऊन फुगते ती वेगळीच. एका ट्रॉलीत साधारण ब्रासभर धरली तरी तीसेक खेपा व्हायला हव्या होत्या. झाल्या दहा. बावीस वर्षं मी टॉवेलच्या गाठी मोजून ट्रकमध्ये चढवतोय, एक गाठ कमी निघाली तर रात्री झोप लागत नाही मला. आणि स्वतःच्या घराच्या वीस ट्रॉल्या कमी पडल्या, त्या मोजल्या नाहीत. (तुम्ही मोजा. ट्रॉली हे सगळ्यात स्वस्त इंजिनीअरिंग आहे.)

आता तो दिवस. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

शनिवारी ठेकेदाराचा फोन. ‘मालक, उद्या पाया भरतोय. पाया भरायच्या आधी आईच्या पायावर डोकं ठेवून या. आमच्यात तसंच करतेत.’ तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर. रविवारचा दिवस, रजेचा प्रश्न नाही. बायकोला तर आनंदच झाला, ओटीचं सामान तिने रात्रीच काढून ठेवलं. पायाच्या दिवशी मालकाला साइटवरून काढण्यासाठी त्याने देवी वापरली. पैशांचं काय, पैसे आज ना उद्या कमावीन. हे मात्र मी त्याला माफ करणार नाही.

रविवारची गर्दी म्हणजे विचारू नका. कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हा व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो आला. खड्ड्यात पिवळा टेप सोडलेला, आकडा 8 फुटांवर, तळाला छान पिवळसर मुरूम. खाली ‘कठीण लागलं मालक, जय भवानी’, म्हणजे टणक थर लागला. मी फोटो बायकोला दाखवला. तिने मोबाइल जवळ धरला, बघितलं आणि म्हणाली, ‘हे नारळाचं झाड कुणाचं ओ?’

फोटोच्या वरच्या कोपऱ्यात नारळाचा बुंधा होता. आमच्या प्लॉटवर झाड नाही. अप्पांकडे कडुनिंब आहे. मागे रिकामा प्लॉट, त्यात वेडी बाभूळ. नारळ आमच्या गल्लीत कुणाच्याच दारात नाही, आणि ते मला माहीत होतं. तरी मी काय म्हणालो? ‘लांबचं दिसत असेल गं, झूम केल्यावर येतं तसं.’ झूम केल्यावर झाड उगवतं, असं मी माझ्या बायकोला देवीच्या दारात सांगितलं. रांग पुढे सरकली, मागचा माणूस ढकलत होता, आणि मी रांगेतूनच त्याला फोन करून म्हणालो, ‘लई बेस काम.’

संध्याकाळी सहाला थेट प्लॉटवर. खड्डे बुजलेले! वर फक्त कॉलमच्या सळया उभ्या. पीसीसी, त्यावर जाळी, त्यावर फुटिंगचा माल आणि वर भरणी, हे सगळं एका दिवसात? ‘आरएमसी मागवला मालक, मशिनीचं काम, फटाफट.’ आरएमसी म्हणजे कारखान्यातून तयार येणारं काँक्रीट. त्याची गाडी आली की चलन येतं, मालाचा कागद. त्यावर ग्रेड असतो, किती घनमीटर ते असतं, माल भरल्याची वेळ असते, गाडीचा नंबर असतो. मी चलन मागितलं नाही. मी प्रसादाचा पुडा त्याच्या हातात दिला, आणि त्याबरोबर 2,00,000 रोख.

पुढचं पटकन सांगतो. मार्चमध्ये जोतं झालं, 1,50,000 रोख. उरलेले 50,000 मी ‘स्लॅबनंतर’ म्हणून थांबवले, तेवढीच माझी अक्कल. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून जोत्यावर मारायला सहा टँकर स्वतः घेतले, 4,800 रुपये. खराब मालावर चांगलं पाणी. भिंती लिंटेलपर्यंत (दारं-खिडक्यांच्या वरपर्यंत) आल्या, दुसऱ्या मिस्त्रीकडून, 1,74,000.

सप्टेंबर 2025 चा पाऊस आठवतोय ना? सीना नदीला पूर आला होता तो. त्या आठवड्यात ईशान्य कोपरा बसला. विटांच्या सांध्यातून जिन्यासारखी भेग, खाली बोट जाईल एवढी. एका नातेवाइकाने वास्तुदोष काढला. ठेकेदार म्हणाला, ‘पुरात सगळ्यांचंच गेलं मालक, पंचनामा करून घ्या, सरकार मदत देतंय.’ नदी कुठे, जुळे सोलापूर कुठे!

पाणी ओसरल्यावर 8,000 रुपये देऊन बाहेरचा इंजिनीअर आणला. त्याने कोपऱ्याच्या कॉलमशेजारी खड्डा घ्यायला लावला. फुटिंगचा तळ 4 फूट 3 इंचांवर संपला. खाली काळी माती. मुरूम त्याच्याही खाली साडेतीन फुटांवर लागला. पीसीसी नाही. फुटिंग साडेतीन बाय साडेतीन. काँक्रीट फोडून बघितलं तर जाळी 8 मिलिमीटरची, तीही खाली मातीला टेकलेली, जाळी वर उचलून धरणारा कव्हर ब्लॉक एकही नाही. सळईचं एवढंच लक्षात ठेवा: 12 मिलिमीटरची 12 मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरते, 8 ची पावणेपाच किलोच्या आसपास. वजनकाटा कुठल्याही भंगारवाल्याकडे असतो.

इंजिनीअरने एकच विचारलं, ‘माती तपासली होती का?’ 6,500 रुपयांत झाली असती. मी 6,500 वाचवले होते.

मग सुरू झाली खरी यात्रा. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी विचारलं, ‘पाया भरताना तुम्ही कुठं होता?’ मी खरं सांगितलं, तुळजापूरला. टेबलावरचे तिघंही हसले. एकाने वर ‘मग आईलाच सांगा की’ असंही ऐकवलं. दुसऱ्या खेपेला हद्द आमची नाही म्हणाले. प्लॉट एका ठाण्याच्या हद्दीत, पैसे दिले ते दुसऱ्याच्या. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला पण पोच दिली नाही, शिक्का मारणारे साहेब बंदोबस्तावर होते म्हणे. चौथ्या खेपेला, ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम छापून नेलं होतं. कागदाकडे न बघता म्हणाले, ‘आम्हाला शिकवता का?’ दुसऱ्याचा फोटो पाठवून दोन लाख काढून घेणं हा दिवाणी मामला कसा, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. शेवटी स्पीड पोस्टाने वरिष्ठांकडे अर्ज पाठवला. पोस्टाची पावती तरी मिळाली. या प्रकरणात मला मिळालेली ती पहिली पावती.

परवाना देणाऱ्या ऑफिसात गेलो. म्हटलं, जोते तपासणी झाली ना कागदावर? तर उत्तर असं, की आम्ही बाहेरची मापं बघतो, हद्दीपासून अंतर सोडलंय का ते. जमिनीखालचं ज्याने सही केली त्या इंजिनीअरचं. त्या इंजिनीअरने नकाशाचे 12,000 घेतले होते, प्लॉटवर एकदाही आला नाही, आणि आता म्हणतो, ‘सुपरव्हिजन माझ्या फीमध्ये नव्हतं.’ मग त्याची सही कशात होती? कुणीतरी रेरा सुचवलं. तिथे बिल्डरचे प्रकल्प जातात, स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावलेल्या माझ्यासारख्याचं तिथे काही नाही, हे कळायला आणखी एक रजा गेली. एकूण नऊ रजा, सहा बिनपगारी.

ग्राहक आयोगात मात्र घरबांधणी ही ‘सेवा’ धरली जाते, ठेकेदारावर तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त 200 रुपये. वकील म्हणाले, रोखीचे चार लाख सिद्ध कसे करणार? सिद्ध होणारे 1,26,000 तेवढेच लिहिले तर फीसुद्धा शून्य. मी 5,26,000 च लिहायला लावले. 200 रुपये भरले. हरलो तरी आकडा खरा राहू दे. व्हॉट्सॲपचं बोलणं पुसलं नव्हतं, ‘दोन पोचले मालक’ हा त्याचा मेसेज आहे, त्यावर काय होतं ते बघू. तुम्हीही काही डिलीट करू नका, भांडण झालं म्हणून रागात ब्लॉकही करू नका.

आता भिंती उतरवल्यात. सगळे बारा पाये नव्याने मुरमापर्यंत न्यायचे 6,90,000 सांगितलेत, पक्क्या बिलासकट. पहिल्या ठेकेदाराचे 7,65,000 मला महाग वाटले होते. आता खड्ड्यात मी स्वतः उतरतो, शिडी लावून, टेप माझा. बायको वर उभी राहून फोटो काढते, फोटोत अप्पांचा कडुनिंब येईल असा.

मागच्या आठवड्यात कारखान्यातला पॅकिंगचा पोरगा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, इथंच बाळे भागात मामाचं घर चाललंय, पाया मस्त लागलाय, बघा. मोबाइल पुढे केला. पिवळा टेप, 8 फूट, खाली मुरूम, वरच्या कोपऱ्यात नारळ. खाली ‘कठीण लागलं मालक’.

मी मामांचा नंबर मागितला. मामा म्हणाले, काल दीड लाख दिले.